सवतीचा रुपया

१

रविवारी सकाळी ओट्यावर चपला वाढल्या की समजायचं, कुणीतरी पुन्हा तो व्हिडिओ बघितला. ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं नाणं आणि खाली लाखाचे आकडे. आसपासच्या गावांतून माणसं रुमालात, तंबाखूच्या डबीत, एकदा तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत नाणी घालून केडगावला आमच्या घरी यायची आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून सत्यजीतच्या तोंडाकडं बघत राहायची. सत्यजीत माझा नवरा. आठवडाभर कंपनीत शिफ्ट करायचा आणि रविवारी नाण्यांचा जाणकार व्हायचा. जुनी नाणी जमवायचा नाद त्याला शाळेपासूनचा.

पण समोरच्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. माझ्या येत नसे. म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याचं भिंग माझ्या हातात आलं.

"ताई, ह्येचं किती येत्याल?" कासुर्डीच्या मारुतरावांनी एकदा दहाचं नाणं पुढं करून विचारलं.

"दहा रुपये."

"धाच्या नाण्याचं धाच?"

"दुकानात चालतंय ना अजून? मग दहाच."

त्यांनी सत्यजीतकडं बघितलं, सत्यजीतनं पंख्याकडं बघितलं आणि मी चहा टाकायला उठले. आमचे रविवार असेच जायचे. मला ते आवडायचे.

नाणं हातात आलं की मी साल बघत नसे, आधी घसट बघायची. नाण्यावरचा जो भाग सगळ्यात उंच, तो आधी झिजतो. चेहऱ्याचं नाणं असेल तर पहिल्यांदा गाल जातो, मग कानावरचे केस, मग भुवई, नाक. शेवटी नुसती बाह्यरेषा उरते. कुणाचं तरी तोंड आहे एवढंच कळतं, कुणाचं ते नाही. गेलेलं परत येत नाही. या नादात तेवढी एकच गोष्ट पक्की आहे, बाकी सगळा हौसेचा मामला.

माझ्या गळ्यातही एक नाणं होतं. ते कधी भिंगाखाली घ्यावं असं मला वाटलं नव्हतं.

२

मी सत्यजीतची दुसरी बायको. पहिली प्रतिभा डेंग्यूच्या तापात गेली. पुढच्या खोलीच्या दारावर तिचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. मी त्या फोटोखालून दिवसातून शंभरदा जायची आणि मला त्याचं काही वाटत नसे. मेलेल्या माणसावर जळण्याइतका वेळ मला नव्हता.

माझं माहेर वडगाव रासाई, भीमेच्या काठचं. माझं लग्न उशिरा झालं, तिशी उलटल्यावर. गावात मला कधी कुणी 'तू कुणाची गं' म्हणून विचारलं नाही, कारण चेहरा आईचा जसाच्या तसा उचललेला. तेच कपाळ, तीच हनुवटी. लग्नात ताटात तांदूळ पसरून सासरचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी सत्यजीतला सांगितलं, वैष्णवीच लिहा. त्यानं लिहिलं. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. चेहरा आणि नाव, माहेरचं एवढंच मी केडगावला आणलं होतं आणि एवढं मला माझ्याकडं ठेवायचं होतं.

मात्र सवत बांधून घेतली. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईनं गळ्यात सवत बांधायची असते. गेलेल्या बायकोचा चांदीचा ठसा सोनाराकडून करून घ्यायचा आणि काळ्या दोऱ्यात ओवून घालायचा. नवी साडी आली की आधी त्या ठशाला लावायची, सणाचा घास आधी त्याला दाखवायचा, मग आपण नेसायचं, खायचं. तिचं तिला मिळालं की ती संसाराला त्रास देत नाही, असं म्हणतात.

लग्नसराई होती, ठसा करायला सोनाराला सवड नव्हती. सासूबाईंनी, विठाबाई त्यांचं नाव, पेटीतून प्रतिभाची रुपयांची माळ काढली आणि एक राणीछाप रुपया सोडवला. ओवण्यासाठी त्याला कडीचा काना डागलेलाच होता.

"बाईचंच तोंड हाय की त्येच्यावर," त्या म्हणाल्या. "आन् तिच्याच गळ्यातला हाय. चालंल तिला."

सत्यजीतनं तो रुपया उजेडात धरला. राणी कसली, अंड्याएवढा एक उंचवटा होता नुसता. "काना लावलेला, पार सपाट," तो म्हणाला. "चांदीच्या भावानं जाईल." मला हसू आलं. लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं गळ्यातल्या वस्तूचा भाव सांगितलेली मी एकटीच असेन.

सासूबाईंनी दोरा बांधताना राणीचं तोंड आतल्या बाजूला, माझ्या अंगाकडं केलं. तसंच ते राहिलं.

३

पुढच्या वर्षीच्या उसाच्या तोडणीचे दिवस होते. गुऱ्हाळं पेटलेली, गावभर काकवीचा वास. सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून रविवारी राहिलेली नाणी निवडत होते. वाकले तेव्हा गळ्यातला रुपया पदराबाहेर आला आणि लोंबायला लागला. हातात भिंग होतंच. उगाच बघितलं.

राणीला कान होता.

मी भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. कान होता आणि त्याच्या मागे ओढून बसवलेले केस होते, चार-सहा बटा सुट्या मोजता याव्यात इतके. मला वाटलं, मळ निघाला असेल. अंगाचा घाम, साबण, पदराची घासणी, चांदी उजळतेच. पण मळ निघाला की खालचं दिसतं, झिजून गेलेलं उगवत नाही. मी रुपया उलटा केला. साल असतं ती बाजू होती तशीच गुळगुळीत. मग मी तिथंच विषय सोडला आणि नाणी निवडायला घेतली. भीती वाटली नाही. बरंच झालं, असं तेव्हा वाटलं.

त्यानंतर मात्र दुपारी सगळं आवरलं की मी रुपया बाहेर काढून बघायला लागले. पापणी आली. ओठांची कड आली. गाल भरत गेला. घसट उलट्या पावलांनी चालली होती. जे शेवटी जातं ते आधी परतलं आणि जे आधी जातं ते शेवटी. डोक्यावर मुकुट असायला हवा होता, त्या जागी केस चापून बसवलेले होते आणि मधे भांग होता.

एका दुपारी नाकपुडीवर ठिपका दिसला. मी टूथब्रशनं घासला, तो गेला नाही. तिरप्या उजेडात धरला तेव्हा त्याची सावली पडली. बारीक, गोल, उठावाचा ठिपका.

राणीच्या नाकात चमकी नसते.

मी मान वर करून दारावरच्या फोटोकडं बघितलं. फोटोवाल्यानं प्रतिभाला जरा तिरकं बसवलं होतं. तिच्या डाव्या नाकपुडीवर चमकी होती. मी स्वतः कधी नाक टोचून घेतलं नाही. लहानपणी सोनाराच्या दुकानात एवढं भोकाड पसरलं होतं की आईनं नाद सोडला.

मला भीती वाटायला हवी होती, हे मला कळत होतं. मी वाट बघितली. मग कुकर लावायला उठले.

४

रेशनच्या दुकानात अंगठा लागेना. मशीनवर लाल दिवा, पुन्हा लाल दिवा. मागं रांग खोळंबली.

"ताई, भांडी लई घासताय जनू," दुकानदार म्हणाला. "ठसाच उठंना. दुसरं बोट लावा."

दुसरं लागलं नाही. तिसरंही नाही. तो म्हणाला, होतं असं, ऊसतोडीवाल्यांचं होतं, गवंड्यांचं होतं. सासूबाईंना आणा. मी घरी येऊन अंगठा भिंगाखाली धरला. रेषा होत्या, पण कडेला. मधे, जिथं बोट उंच असतं, तिथं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. नाणं असतं तर मी म्हणाले असते, चांदीच्या भावानं.

त्याच आठवड्यात भाकरी उलटताना सासूबाई ओरडल्या. माझी बोटं तव्यावर टेकली होती आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. फोड आला, पण दुखला नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली, विचारलं, कळतंय का? मी टाचणीकडं बघून हो म्हणाले. त्यांनी बी-बाराची इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, बायका जेवणाकडं लक्ष देत नाहीत. ते खरंच होतं. मला जेवणाची चव लागत नव्हती, पण तक्रार करावी असंही वाटत नव्हतं.

सत्यजीतनं घेऊन दिलेला फोन चेहरा बघून उघडायचा. तो उघडेनासा झाला. मी चष्मा लावत नाही, केस तसेच बांधते. तोंड धुऊन आले, उजेडात उभी राहिले. फोन म्हणाला, ओळख पटली नाही. मी आकडे दाबून तो उघडला आणि त्यानंतर रोज आकडेच दाबायला लागले. माणूस कशालाही सरावतो.

पण आरशात मी नीट बघितलं, ते सांगते. सगळं जिथल्या तिथं होतं. डोळे, नाक, हनुवटी. मी स्वतःला जाणकाराच्या डोळ्यानं बघितलं, घसट बघतात तसं. एका बाईचं तोंड आहे, एवढं सांगता आलं असतं. कुणाचं, ते मी खात्रीनं लिहून दिलं नसतं.

५

शेवटी मी रुपया काढून सत्यजीतपुढं ठेवला. रविवार होता, माणसं पांगली होती. त्यानं आधी सवयीनं बघितलं, मग खुर्ची ओढून खिडकीत बसला.

"हा कुठला?"

"माझ्या गळ्यातला. तुम्ही म्हणाला होता सपाट."

"भिंगानं कुठं बघितला होता मी तेव्हा." त्याचा आवाज बदलला होता. "वैष्णवी, हा कोरा आहे. घसट शून्य. आणि हा ठिपका बघितलास नाकावरचा? साच्याला तडा गेला असणार. तडा गेला की नाण्यावर तेवढा उठाव येतो. एरर कॉइन आहे हे. मुकुटाचा भागच उठलेला नाही. असा रुपया मी कुठल्या प्रदर्शनात बघितलेला नाही."

"अहो, भांग आहे तो."

"चूक आहे साच्याची. चुकीलाच तर किंमत असते."

"फोटोकडं बघा एकदा."

त्यानं बघितलं नाही. त्यानं अंगठा राणीच्या गालावरून फिरवला, हळू, पुन्हा एकदा. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं, हे मला त्यानंच शिकवलं होतं. त्यावरून तो भल्याभल्या माणसांवर खेकसायचा. माझ्या गालावरून त्यानं असा हात कधी फिरवला नव्हता. हे मला आत कुठंतरी लागलं, आणि लागलं म्हणून बरंही वाटलं.

"ठेवून घ्या मग," मी म्हणाले. "तुमच्या अल्बममध्ये लावा. मला नको तो."

तो खरंच तयार होता. पण सासूबाई दारात उभ्या होत्या.

"जितीच्या गळ्यातली सवत काडत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी हाय तवर न्हाई. घाल गं ती."

सत्यजीतनं दोरा पुन्हा माझ्या गळ्यात बांधला. "आई म्हणतेय तोवर राहू दे," तो म्हणाला. "फक्त जप त्याला. घासू नकोस." गाठ मारून झाल्यावर तो जरा मागं सरला, रुपया कसा दिसतो ते बघितलं आणि मग माझ्याकडं बघून हसला. दोन वर्षांत मी ते हसू पहिल्यांदा बघत होते. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

"प्रतिभा, पानी आन गं," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी आणून दिलं. त्या प्यायल्या, तांब्या धुऊन मी पालथा घातला, तेव्हा कुठं लक्षात आलं की हाक कुणाच्या नावाची होती. सत्यजीतच्या तर लक्षातही आलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले तेव्हा मी दोरा काढला. सवत वगैरे काही नाही, गळ्यातली वस्तू आहे, काढता येते, असं मनाशी म्हणत काढला आणि साबणदाणीत ठेवला.

छातीवर रुपयाचा वळ होता. चपटी वस्तू अंगाशी दाबून राहिली की वळ उठतोच. मी तो चोळला. मग मान खाली घालून नीट बघितलं. वळात कान होता, केस होते. तोंड उलट्या बाजूला वळलेलं, जसं साच्यात असतं तसं. सत्यजीतनं मला एकदा कागदावर काढून समजावलं होतं. कोरी चकती घ्यायची, साचा दाबायचा. चकतीवर आधीचं काही राहिलं असेल तर ठसा नीट उठत नाही. म्हणून ती आधी गुळगुळीत करून घेतात.

वळ दिवसभर गेला नाही. रुपया मी डब्यात ठेवला, डबा कपाटात. संध्याकाळपर्यंत कामं केली. झाडलं, दळण आणलं, सासूबाईंच्या पायाला तेल लावलं. हाताला काही लागत नव्हतं, गरम नाही, गार नाही, तेलाचा ओशटपणाही नाही. सगळं अंग दुसऱ्याचं नेसवल्यासारखं. फक्त छातीवरची ती रुपयाएवढी जागा दुखत होती. आणि तेवढं दुखणं मला हवंसं वाटायला लागलं, कारण माझ्या अंगात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

दिवेलागणीला मी कपाट उघडलं आणि दोरा गळ्यात घातला. कुणी सांगितलं नव्हतं. रुपया आपल्या जागी बरोबर बसला.

७

तरी मी दौंडला गेले. रुपया मोडायचा, वितळवून घ्यायचा, चांदीचा गोळा घरी आणायचा. सत्यजीत चिडला असता, सासूबाईंनी अबोला धरला असता, चाललं असतं. दौंडच्या बाजारात मला कुणी ओळखत नव्हतं. एक लहानसं दुकान दिसलं, आत शिरले. बबनराव नावाचे म्हातारे सोनार गादीवर होते.

"या वहिनी. लई दिसांनी."

दुकानदार सगळ्यांनाच म्हणतात तसं. मी बसले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "चमकी काडली व्हय? नका काडून ठिवू. भोक बुजंल."

"माझं नाक टोचलेलं नाही."

ते हसले. "माज्याच हातनं टोचलंय की. केडगावच्या तुमी. सासूबाई संगं हुत्या. हूं का चूं केलं न्हाई तुमी, म्हनून ध्यानात हाय. येरवी पोरी दुकान डोक्यावर घेत्यात."

मी नाकाला हात लावला. बोटाला काही कळलं नाही, बोटांना आता काहीच कळत नव्हतं. काउंटरवर गिऱ्हाइकासाठी ठेवलेला आरसा होता, तो ओढला. डाव्या नाकपुडीवर बारीक खळगा होता. नवा नव्हे. कडा बसलेल्या, जुना, वापरातला.

दोरा काढून रुपया त्यांच्या हातात दिला. "हा वितळवून द्या."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग काढून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा रुपयाकडं. त्यांनी तो माझ्या हातात परत दिला नाही, काचेवर ठेवला आणि आपला हात धोतराला पुसला.

"सवत हाय न्हवं ही?"

"हो."

"वहिनी, ह्याच्यावर तुमचंच तोंड हाय. जित्या मानसाचा ठसा करत न्हाईत. कुनी केला ह्यो?"

"जुना रुपया आहे. राणीछाप."

"न्हाई," ते म्हणाले. "राणीछाप मी जल्मभर बगतोय." आणि आतल्या खोलीत गेले. मी थोडा वेळ थांबले. आत भांड्याचा आवाज होत होता, पण ते बाहेर आले नाहीत. गळ्यात दोरा घालून मी स्टेशनकडं चालायला लागले. म्हाताऱ्यांचं काय, एकीला बघून दुसरी आठवते, दुकानात दिवसाला पन्नास बायका येतात. मी हे स्वतःला केडगाव येईपर्यंत सांगत राहिले आणि ते पटतही होतं.

८

या सगळ्यात एक माणूस असं होतं जे चुकणार नव्हतं. मशीन चुकेल, फोन चुकेल, सोनार म्हातारा आहे, सासूबाईंच्या तोंडात जुनी हाक बसलेली आहे. पण माझा चेहरा जिचा आहे तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं. ती 'आलीस का गं' म्हणेल आणि मग जे काय होतंय ते होऊ दे. सत्यजीतला आईला बघून येते म्हणून सांगितलं आणि जीपनं निघाले. पूल ओलांडला, खाली भीमा संथ पडलेली. दोन्ही तीरांना ऊस.

आई अंगणात सुपात बाजरी पाखडत बसली होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालंय, सुईत दोरा स्वतः ओवते. मी फाटकातून आत गेले. तिनं मान वर केली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कोन पायजे?"

मी उभी राहिले. ती माझ्याकडं सरळ बघत होती, तेच कपाळ, तीच हनुवटी, आणि तिच्या डोळ्यांत पाहुण्यासाठी असते ती विचारपूस होती, बाकी काही नव्हतं.

"केडगावहून आले," मी म्हणाले.

"आगं बया. बसा की. उनातनं आलाय." तिनं सूप बाजूला केलं, सतरंजी झटकून टाकली, पाणी आणलं. "माझी लेक बी केडगावातच दिलीय. वैष्णवी. वळकता का?"

"ओळखते."

"बरी हाय न्हवं ती?"

"बरी आहे."

मी तिला सांगणार होते. आई, मीच आहे. शब्द तोंडात होते. पण ती माझ्या गळ्यातल्या रुपयाकडं बघत होती आणि मग दाराच्या आत कुठंतरी, जशी काही मला एकटीला तिथं ठेवायला तिचं मन घेत नव्हतं. ती उठली आणि कमरेची पिशवी चाचपून फोन काढला.

"थांबा हं. फोन लावते तिला. पावनं आलंय म्हनून सांगते."

तिनं बटण दाबलं, फोन कानाला लावला. माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला.

आई वाट बघत उभी राहिली. "उचलंना," ती म्हणाली. "कामात आसंल." मग माझ्याकडं बघून, आदबीनं, "तुमचाबी वाजतोय. घ्या की."

मी फोन काढला. 'आई' असं आलं होतं. फोन उचलायला चेहरा लागत नाही. मी तो कानाला लावला.

"आई," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "व्हय गं, कुठं आसतीस?" ती माझ्याकडं पाठ करून तुळशीपाशी गेली आणि आवाज खाली आणला. तिचं बोलणं मला दोनदा ऐकू येत होतं, एकदा अंगणातून आणि मागोमाग फोनमधून. "आगं, तुमच्याकडची कोन बाई आलीया. तुझ्या घरात दारावर त्यो हारातला फोटू हाय बग, थेट तसं तोंड. फोनवरच बोलत बसलीया. मला काय बरं वाटंना. तू नीट हाईस न्हवं?"

"नीट आहे."

"गळ्यातलं काडू नगंस."

"नाही."

"आन् कवा येतीस? लई दिस झालं तुझं तोंड बगून."

ती बोलता बोलता तुळशीची वाळकी पानं खुडत होती. तिच्या पदराला बाजरीचा कोंडा लागला होता. मी हात पुढं केला असता तर तिच्या पाठीला लागला असता, पण हाताला ते कळलं नसतं.

"येते," मी म्हणाले. "लवकरच येते."

तिनं फोन पिशवीत ठेवला, डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून हसली. "माझी लेक," ती म्हणाली. "यीन म्हनलीया." मग तिनं विचारलं, चहा साखरेचा घेता का गुळाचा.